लेडी म्हणजे कोण?
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मला आज चार शब्द बोलायला सांगितले आहे. मी एकाच शब्दावर बोलणार आहे. शब्द इंग्रजी आहे, पण आपल्या रोजच्या तोंडचा – 'लेडी'. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा विद्वत्तेचा आव आणीत नाही. मुलीने कोश वाचून समजावले, तेच सांगते.

लेडी म्हटले की काय आठवते? लोकलचा लेडीज डबा, लेडी डॉक्टर, आणि हॉटेलातली लेडीज फिंगर, म्हणजे आपली भेंडी! शिवाय लेडी ही मोठी पदवी. नवरा 'सर' झाला की बायको 'लेडी'. मुंबईत माहीमला लेडी जमशेटजी रस्ता आहे. या लेडी म्हणजे सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी अवाबाई. माहीम आणि वांद्रे यांच्यामधली खाडी पूर्वी होडीने ओलांडावी लागे. १८४५ साली तेथे बांधीव रस्ता झाला, तो अवाबाईंनी दिलेल्या १,५७,००० रुपयांतून.

पण भगिनींनो, एवढ्या मानाचा हा शब्द जन्मला कोठे? राजवाड्यात नव्हे, पीठ मळायच्या काथवटीत!

हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत पावाला 'ह्लाफ' म्हणत. घरच्या धनिणीला म्हणत 'ह्लॅफदीये', म्हणजे पावाची कणीक मळणारी. तोच शब्द झिजत झिजत 'लेडी' झाला. आणि 'लॉर्ड' कोण? 'ह्लाफवेअर्ड', पाव राखणारा. घरच्या चाकराला तर 'पाव खाणारा' असेच म्हणत. म्हणजे एक राखणार, एक खाणार, आणि मळणारी आपली लेडी!

पुढे बड्या घरांत मळणारे हात बदलले. शब्द मात्र दिवाणखान्यात जाऊन बसला आणि पिठाला विसरला. जिच्या हाताला पीठ लागत नाही तीच लेडी, असा उलटा अर्थ लोकांच्या मनात बसला.

ही गोष्ट मी नुसत्या गमतीसाठी सांगत नाही. २०११ सालच्या आपल्या जनगणनेत, केवळ घरकाम करणाऱ्या बाईची गणना 'काम न करणाऱ्यां'त झाली. २०१९ साली सरकारनेच वेळेची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो, आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे, असे तीत आढळले. पाच तासांना एक मिनिट कमी, तरी काम नाही! आणि सरकारला तरी काय बोल लावावा? 'तुम्ही काय करता?' असे कोणी विचारले की आपणच म्हणतो, 'काही नाही, घरीच असते.'

बाईने परातीपाशीच बसावे असे मी म्हणत नाही. मुलींनी शिकावे, नोकरी करावी. आणि लॉर्डसाहेबांनीही कणीक मळावी, हात झिजत नाहीत! पण जे काम आपण केले, ते 'काही नाही' नव्हे, एवढेच माझे म्हणणे.

भाषापंडित आणखी एक गोष्ट सांगतात. लेडी शब्दातले ते 'मळणे' आणि आपला 'देह' हा शब्द, दोन्ही एकाच फार जुन्या मुळातून आले आहेत. मळून, लिंपून घडविला तो देह. घरातल्या साऱ्यांचे देह कोणाच्या हातच्या अन्नावर पोसले, हे वेगळे सांगायला नको.

शेवटी एक सूचना. मंडळाच्या नोंदवहीत 'व्यवसाय' या रकान्यात पुष्कळ जणींनी नुसती रेघ ओढली आहे. यंदा त्या रेघेच्या जागी 'घरकाम' असे स्वच्छ अक्षरात लिहावे. मी माझ्या नावापुढे आजच लिहिणार आहे.