फोन कमी वाजावा म्हणून



घरात शाळकरी मुलं आहेत आणि घरातूनच एखादी छोटी वेबसाइट चालवायची आहे, किंवा चालवायला घेतली आणि आता नाकी नऊ आलेत, अशा आईवडिलांशी मला आज बोलायचं आहे. वेबसाइट तयार करून देणं आणि ती सांभाळायला शिकवणं हे माझं काम. माझ्याकडे पापड-लोणची करणाऱ्या येतात, शिवणकाम करणाऱ्या येतात, गणिताच्या शिकवण्या घेणारे येतात, केळीची टिश्यूकल्चर रोपं विकणारं एखादं शेतकरी जोडपंही येतं. बहुतेकांची तक्रार एकच असते. साइट सुरू झाली, पण घराची घडी विस्कटली.

दीपनगरचंच बघा ना. भुसावळहून वरणगावकडे निघालं की फेकरीजवळ उंच धुराडी दिसायला लागतात. महानिर्मितीचं औष्णिक वीज केंद्र, त्यात पाचशे-पाचशे मेगावॅटचे दोन मोठे संच, आणि जवळच कामगारांची वसाहत. तिथल्या कितीतरी घरांचं घड्याळ पाळ्यांवर चालतं. समजा, रात्रपाळी करून माणूस सकाळी घरी आला, चहा घेतला, पडदे ओढून झोपला. पोरं शाळेत गेलेली. घरातली बाई उडदाच्या पापडांच्या ऑर्डरी बघायला बसते, तोच फोन. ‘पापड आहेत का?’ आहेत. ‘काय किलो?’ भाव सांगितला. ‘किलोत किती बसतात? लई तिखट तर नाही ना? पुण्याला पाठवता का?’ सगळं सांगून झालं. ‘बरं, यांना विचारून सांगते.’ फोन ठेवला की पाच मिनिटांत दुसरा, पुन्हा तेच प्रश्न. आणि आतल्या खोलीतून झोपमोड झालेल्या नवऱ्याचं खाकरणं.

ही सगळी उत्तरं वेबसाइटवर असायला काय हरकत होती? आपण पोराचा अभ्यास घेत असताना, भाकरी थापत असताना किंवा झोपलेलो असताना गिऱ्हाइकाला उत्तर मिळावं, याचसाठी तर तिच्यावर पैसे घातले. पण छोट्या साइट्स उघडून बघा. वर मोठ्ठा फोटो, त्याखाली ‘उत्कृष्ट दर्जा, वाजवी दर’, आणि त्याखाली ठळक अक्षरांत मोबाइल नंबर. ही रस्त्यावरची पाटी झाली. पाटी वाचून माणूस फोनच करणार.

म्हणून पहिलं काम सांगते, आणि त्याला संगणक लागत नाही. शंभर पानी वही घ्या. पंधरा दिवस जो जो प्रश्न येईल तो गिऱ्हाइकाच्याच शब्दांत लिहून ठेवा. शुद्ध करून लिहू नका. ‘तुटले तर काय?’ असं विचारलं असेल तर तसंच लिहा. पंधरा दिवसांनी वही उघडलीत की दिसेल, घोळून घोळून आठ-दहाच प्रश्न येतात. त्यांची उत्तरं साइटवर सगळ्यात वर टाका, फोटोच्याही वर जमलं तर उत्तम. किलोत पापड किती, आकार केवढा, पापडखार घातलाय का, मिरी की लाल तिखट, किती महिने टिकतात, पाठवणावळ किती, तुटले तर पैसे परत की दुसरे पापड. आकार सांगायला सोपी युक्ती म्हणजे फोटो काढताना पापडाशेजारी पाच रुपयांचं नाणं ठेवायचं. ‘मध्यम आकार’ या शब्दांनी कुणाचंच समाधान होत नाही.

आपल्याला जे रोजचं वाटतं तेही लिहा. ज्वारीचे बिबडे खानदेशात कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत. पण कोकणातल्या किंवा मुंबईच्या गिऱ्हाइकाने नावच पहिल्यांदा ऐकलेलं असतं. ज्वारी भिजवून, कांडून, शिजवून त्याचा घाटा करतात, तो ओल्या फडक्यावर हाताने थापतात आणि उन्हात खडखडीत वाळवतात. भाजूनही चालतात, तळूनही. एवढ्या दोन ओळी आणि थापतानाचा एक फोटो असला की दहा मिनिटांचा फोन वाचतो. हे लिहायला कुठलाही जाहिरातवाला नको. तुम्ही नणंदेला फोनवर जसं सांगाल तसं लिहा.

भाव मात्र लपवू नका. ‘दरासाठी संपर्क साधा’ असं लिहिलं की निम्मे लोक फोनच करत नाहीत, आणि उरलेले फक्त भाव विचारायला करतात. शेजारची पापडवाली बघेल, ही भीती मला पुष्कळ जणी सांगतात. अहो, तिला तुमचा भाव तुमच्या आधी माहीत असतो!

आता वेळेचं. दुकानाला शटर असतं, वेबसाइटला नसतं. म्हणून वेळ आपणच घालायची. मुलं शाळेत असतात तेव्हाचे दोन तास आणि रात्री जेवणं झाल्यावरचा अर्धा तास, एवढं पुरतं. या वेळा साइटवर लिहा. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस वापरत असाल तर त्यात वेळेबाहेर आपोआप निरोप पाठवायची सोय आहे: ‘निरोप मिळाला, उद्या सकाळी अकरानंतर उत्तर देते.’ ती चालू करा. धंद्याचा नंबर घरच्या नंबरहून वेगळा ठेवा, म्हणजे रात्रपाळीच्या आठवड्यात तो बिनदिक्कत मुका करता येतो. मुलं शाळेतून आल्यावरचा पहिला अर्धा तास तर तो कपाटातच असू द्या. पोराला वर्गात काय झालं हे त्याच वेळी सांगायचं असतं, नंतर विचारलं तर ‘काही नाही’ एवढंच उत्तर मिळतं.

गिऱ्हाईक थांबेल का? हे मालावर आहे. वर्षाचे पापड घेणारी बाई एक दिवस थांबते, तिला घाई नसते. वाढदिवसाचा केक हवा असलेली थांबणार नाही. तुमचा माल दुसऱ्या प्रकारचा असेल तर फोन उचलावाच लागेल. मग ‘दोन दिवस आधी कळवा’ हे वाक्य साइटवर मोठ्या अक्षरांत हवं. एकट्या आईनेच सगळं ओढावं असंही नाही. ज्या आठवड्यात वडिलांची दुसरी पाळी असते त्या आठवड्यात त्यांची सकाळ मोकळी असते. पार्सलं बांधणं आणि स्पीड पोस्टात नेऊन देणं हे काम त्यांच्याकडे द्या. चिठ्ठीवर पत्ते छापून दिलेत तर कुरकुर न करता नेतात, हा अनुभव आहे.

पापड-कुरडयांच्या घरात खरी कोंडी होते ती मार्च-एप्रिलमध्ये. ऊन तापलं की वाळवणाचे दिवस सुरू, आणि नेमक्या त्याच दिवसांत मुलांच्या वार्षिक परीक्षा. दहावी-बारावीचं लेकरू असेल तर मग विचारूच नका. भुसावळच्या उन्हात पापड पटकन वाळतात खरे, पण ते लाटायला माणसं, जागा आणि आईचं लक्ष लागतं. अशा वेळी साइटचा चांगला उपयोग करून घेता येतो. फेब्रुवारीतच नोंदणी उघडा. या हंगामात आपण किती किलो करू शकतो याचा आकडा आधी ठरवा. बायका किती येणार, गच्ची कुणाची मिळणार आणि परीक्षा कधी संपणार, हे तिन्ही धरून ठरवा. तेवढी नोंदणी झाली की पानावर लिहा, ‘या हंगामाची नोंदणी पूर्ण झाली.’ हे वाक्य लिहिताना बऱ्याच जणींचा हात थरथरतो. आलेली लक्ष्मी परत पाठवल्यासारखं वाटतं. पण घेतलेली ऑर्डर जून उजाडला तरी पोचली नाही, वर आभाळ भरून आलं, तर गिऱ्हाईक पुढच्या वर्षीही येत नाही. नोंदणी बंद दिसली तर तेच गिऱ्हाईक पुढच्या वर्षी जानेवारीत विचारतं.

मला हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, ‘ताई, लाईट गेली तर साइट बंद पडते का?’ दीपनगरातही विचारतात, जिथे वीज तयार होते तिथे! नाही पडत. साइट तुमच्या घरच्या संगणकात नसते, ती होस्टिंग कंपनीच्या यंत्रावर असते. मोठा संगणकही लागत नाही, छोट्या साइटची बहुतेक कामं मोबाइलवर होतात.

मग साइट बंद पडते कशाने? आपल्या मराठी घरांत ती पडते भाच्यामुळे. भाचा इंजिनिअरिंगला असतो, सुट्टीत येतो, हौसेने साइट करून देतो. नाव स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या मोबाइलवर नोंदवतो. पुढे त्याला नोकरी लागते, नंबर बदलतो. वर्षाने नूतनीकरणाची सूचना येते ती त्याच्या जुन्या ईमेलवर, आणि एका सकाळी साइट गायब. त्यात भाच्याची चूक नाही, पण नुकसान तुमचं. साइटचं नाव, म्हणजे डोमेन, तुमच्याच नावावर, तुमच्याच ईमेलवर आणि मोबाइलवर घ्या. भाड्याने मिळणारी वस्तू आहे ती, दर मुदतीला पैसे भरावे लागतात. पहिल्या वर्षी स्वस्त आणि दुसऱ्या वर्षी दुप्पट-तिप्पट असा प्रकार सर्रास चालतो, तेव्हा घेतानाच नूतनीकरणाचा दर विचारा. पासवर्ड वहीत लिहून गॅसच्या पुस्तकाशेजारी कपाटात ठेवा, जाणकार नाकं मुरडतील तरी. ती वही कुठे आहे हे घरात आणखी एकाला माहीत हवं. दोन टप्प्यांची पडताळणी तेवढी चालू करा.

देवनागरीत नाव घ्यावं का? २०१४ पासून ‘डॉट भारत’ अशी नावं मिळतात, मराठीतही. घ्यायला छान आहे. पण कुठे कुठे ईमेलला आणि फॉर्म भरताना ते अजून अडतं, म्हणून मी तरी ‘डॉट इन’ किंवा ‘डॉट कॉम’ आधी घ्यायला सांगते.

कायद्याचं थोडक्यात. खाण्याचा पदार्थ विकताय तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडे नोंद हवी. घरगुती उत्पादकासाठी ती साधी आणि स्वस्त आहे. चौदा आकडी नोंदणी क्रमांक पाकिटावर आणि साइटवरही टाका. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते. तिचे पैसे मागणारी दुसरी संकेतस्थळं सरकारी नाहीत. आणि एक गोष्ट आपल्या भागासाठी खास. सुरतेत आपले खानदेशी लोक मोठ्या संख्येने आहेत आणि बऱ्हाणपूर तर हाकेच्या अंतरावर. पण गुजरात आणि मध्य प्रदेश ही परराज्यं. राज्याबाहेर करपात्र माल विकायचा असेल तर उलाढाल छोटी असली तरी साधारणपणे जीएसटी नोंदणी लागते. सुरतेच्या मावशीची ऑर्डर साइटवरून घेण्याआधी एखाद्या सीएला तासभर भेटा, त्याची फी वसूल होईल.

मुलांविषयी मी जरा कडक आहे. पापडासोबत लेकराचा हसरा फोटो टाकला की गिऱ्हाईक खूश होतं, मान्य. पण शाळेच्या गणवेशातला फोटो, क्वार्टरचा नंबर आणि ‘दुपारी मुलं घरी एकटी असतात, पार्सल त्यांच्याकडे द्या’ असली सूचना, या तीन गोष्टी एकत्र आल्या की अनोळखी माणसाला आपणच पत्ता दिला. पाकिटावर बनवणाऱ्याचा पत्ता लागतो तो लागतोच. त्यात मुलं कशाला? शिकवणीची साइट असेल तर दुसऱ्यांच्या मुलांची नावं, नंबर, गुण टाकण्याआधी त्यांच्या आईवडिलांची परवानगी लेखी घ्या. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील सगळी मुलंच धरली आहेत.

मुलांनी मदत करावी का? घरच्या उद्योगात शाळा सुटल्यावर आणि सुट्टीत, धोक्याचं नसलेलं काम करायला २०१६ च्या दुरुस्तीने मुभा ठेवली आहे. लेबल चिकटवू दे, फोटो काढू दे. सातवीतली पोरं फोटो आपल्याहून सरस काढतात. पैशांचा फोन मात्र त्यांच्या हातात नको. कारण सांगते. फोन येतो: ‘मी मिलिटरीतून बोलतोय, कॅन्टीनला पन्नास किलो पापड हवेत.’ भावाची घासाघीस नाही. मग म्हणतो, ‘आमच्या पद्धतीने आगाऊ रक्कम पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका.’ यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी असतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही. एवढी मोठी ऑर्डर आल्याच्या आनंदात मोठी माणसंही पिन टाकून बसतात, तिथे पोराला काय दोष द्यायचा. पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० या नंबरवर फोन करा. जेवढ्या लवकर कळवाल तेवढी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

आज घरी गेल्यावर एवढं करा. आपल्या साइटचं नाव कुणाच्या ईमेलवर नोंदलंय ते शोधा, मुदत कधी संपते ते बघा, आणि ती तारीख कालनिर्णयवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून टाका. भाच्याला फोन करावा लागला तर आजच करा, तो परगावी असला तरी.