चागोस बेटे कोणाची?

जालन्याहून कोणत्याही रस्त्याने बाहेर पडा. विहिरीतून निघालेल्या काळ्या दगडाचा ढीग कुठल्या तरी बांधावर दिसेलच. हा दगड म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हारस. ज्या भट्टीतून तो वर आला ती, भूवैज्ञानिकांच्या मते, आज हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली आहे. आपला भूखंड तिच्यावरून उत्तरेकडे सरकला आणि मागे समुद्राच्या पोटात लाव्ह्याची एक लांब डोंगररांग उरली. लक्षद्वीप, मालदीव आणि दक्षिण टोकाला चागोस ही बेटे त्याच रांगेच्या माथ्यावर आहेत. म्हणजे ज्याने समुद्र पाहिलाही नाही, अशा जालनेकराचे चागोसशी दगडाचे नाते आहे!

वर्गात मी हे सांगितले तेव्हा एका मुलाने विचारले, "सर, दगड आपल्यासारखा, हे कळलं. पण बेटं कुणाची?" प्रश्न साधा होता. उत्तर मात्र साधे नाही.

नकाशावर मुंबईपासून सरळ दक्षिणेकडे बोट न्या. विषुववृत्त ओलांडून सुमारे सात अंश खाली, मुंबईपासून जवळजवळ तीन हजार किलोमीटरवर, साठच्या आसपास ठिपके आहेत. ही प्रवाळाची बेटे पाण्याबाहेर जेमतेम एकदोन मीटर डोके काढून उभी आहेत. त्यांतले सर्वांत मोठे दिएगो गार्सिया, तेही अवघे २७ चौरस किलोमीटरांचे. त्याच्या कडेने वेढलेले पाणी इतके खोल आणि शांत आहे की मोठी जहाजे तिथे सुखाने नांगर टाकतात. तेच त्या बेटाच्या मुळावर आले.

अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंचांनी आफ्रिका व मादागास्करकडून गुलाम आणून इथे नारळाच्या बागा लावल्या. १८१४ साली मॉरिशसबरोबर ही बेटे इंग्रजांकडे आली. कारभार मॉरिशसहूनच चाले. गुलामगिरी संपल्यावर मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत हिंदुस्थानातून मजूर गेले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले आपले मराठी लोकही होते. गणेश चतुर्थीला तिथे आजही सरकारी सुटी असते. इकडे चागोसवर खोबरे वाळवीत, मासे धरीत माणसांच्या पाचसहा पिढ्या नांदल्या.

आता वादाचे मूळ पाहा. समजा, अज्ञान पुतण्याची जमीन चुलता सांभाळतो आहे. पुतण्या सज्ञान व्हायला थोडे दिवस उरले असता चुलत्याने विहिरीचा तुकडा वेगळा काढला, थोडे पैसे पुतण्याच्या हाती ठेवले आणि तुकडा तिसऱ्याला वहिवाटायला दिला. याला तुम्ही काय म्हणाल? नोव्हेंबर १९६५ मध्ये ब्रिटनने मॉरिशसला तीस लाख पौंड देऊन चागोस तोडून घेतले. १९६६ साली अमेरिकेशी लष्करी वापराचा करार केला. मॉरिशस स्वतंत्र झाले ते १२ मार्च १९६८ रोजी! पुढे १९७३ पर्यंत दीड ते दोन हजार बेटकऱ्यांना बोटींत घालून मॉरिशस व सेशेल्सला नेऊन सोडले. त्यांची पाळलेली कुत्रीसुद्धा मारून टाकली.

२०१९ च्या फेब्रुवारीत आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मत दिले, की मॉरिशसची वसाहतीतून मुक्तता कायदेशीररीत्या पुरी झालेलीच नाही. ब्रिटनने तिथला कारभार लवकरात लवकर आवरावा. हे मत सल्ल्याच्या स्वरूपाचे होते. त्यानंतर मे महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ११६ विरुद्ध ६ मतांनी ते उचलून धरले. भारताचे मत मॉरिशसच्या बाजूने पडले. २२ मे २०२५ रोजी दोन्ही देशांनी करारावर सह्या केल्या : स्वामित्व मॉरिशसचे, पण दिएगो गार्सियाचा तळ ९९ वर्षे ब्रिटनकडे. अर्थात सही म्हणजे ताबा नव्हे; करार अमलात यायला दोन्हीकडची मंजुरी लागते.

आता त्या मुलाचा प्रश्न. कागद एकाचा आणि घाम दुसऱ्याचा, हे मराठवाड्याला नवे नाही. म्हणून तर १९५० साली हैदराबाद राज्याला कसणाऱ्या कुळासाठी कायदा करावा लागला. चागोसवर मॉरिशसचा हक्क मला न्याय्य वाटतो. पण वाटाघाटी चालल्या त्या दोन सरकारांच्या. बेटकऱ्यांतल्या काहींना करार मान्य आहे. 'आम्हाला कुणी विचारलंच नाही' म्हणून काही संतापले आहेत. करारान्वये इतर बेटांवर वस्ती करता येईल, दिएगो गार्सियावर नाही.

२००६ साली शंभरएक बेटकऱ्यांना थोड्या दिवसांसाठी आपल्या बेटांवर नेण्यात आले होते. त्यांनी वाडवडिलांची थडगी साफ केली आणि पुन्हा बोटीत बसले. स्वामित्व कुणाचे, हे न्यायालय सांगू शकते. बेटे कुणाची, हे सांगताना मात्र त्या बोटीतल्या माणसांना वगळून चालणार नाही.