बोट लागली, पण कुणाला?

आमच्या उरणच्या मोरा बंदरात ‘बोट लागली’ हे दोन शब्द दोन तऱ्हांनी ऐकू येतात. ‘धक्क्याला बोट लागली’ म्हटलं की भाऊच्या धक्क्याकडे निघालेली मंडळी पिशव्या उचलतात. ‘आईला बोट लागली’ म्हटलं की लिंबू शोधावं लागतं. क्रियापद तेच, सोबत कोण आलं, त्यावर अर्थ ठरतो. भूक लागते, ठेच लागते, नोकरीही लागते (नशीब असेल तर). आम्हा कवींचा संसार या श्लेषावरच चालतो.

संगणकाच्या जावा, सी प्लस प्लस अशा भाषांनाही ही सोय आहे. ‘शोधा’ या एकाच नावाची दोन कामं लिहिता येतात: एक कंटेनरचा क्रमांक घेऊन शोधणारं, दुसरं जहाजाचं नाव आणि तारीख घेऊन. हातात काय दिलं ते पाहून योग्य काम निवडलं जातं. याला मेथड ओव्हरलोडिंग म्हणतात. घरच्या घरात हे छान चालतं.

अडचण येते ती दोन परक्या संगणकांमध्ये करार होतो तेव्हा. वेब सर्व्हिसचा करार म्हणजे कोणतं काम मागता येईल आणि मागताना काय द्यावं लागेल, याचा लेखी मसुदा. पलीकडचा संगणक कदाचित पीएचपीसारख्या भाषेत बोलतो. तिथे एका नावाची दोन कामं अशी लिहिताच येत नाहीत. शिवाय निरोप मजकूर होऊन येतो आणि बहुधा वरच्या नावावरूनच काम ओळखलं जातं. मार्च 2001 च्या डब्ल्यूएसडीएल 1.1 या मसुदा-पद्धतीत एकाच नावाची दोन कामं चालत. पुढे 2004 मध्ये डब्ल्यूएस-आय या संस्थेच्या नियमावलीने प्रत्येक कामाचं नाव वेगळंच हवं असं ठरवलं, आणि जून 2007 च्या 2.0 आवृत्तीतून ती मुभा गेलीच.

उरणकरांना हे समजावून सांगायला नको. 1989 साली न्हावा-शेव्याला बंदर सुरू झालं, तेव्हापासून आमच्या रस्त्यांवर कंटेनरच कंटेनर. प्रत्येकावर चार अक्षरं, सहा आकडे आणि शेवटी पडताळणीचा एक आकडा. ‘तो निळा डबा’ म्हणून इथे काम भागत नाही. कस्टमचं बिल ऑफ एंट्री मात्र एकाच नावाचं आणि तीन कामांचं: माल थेट घरगुती वापरासाठी सोडवायचा, गोदामात ठेवायचा, की गोदामातून बाहेर काढायचा. कागदाच्या काळात पांढरा, पिवळा आणि हिरवा रंग पाहून कारकून फरक ओळखत. संगणकाला कागदाचा रंग दिसत नाही, त्याला प्रकार वेगळा लिहून द्यावा लागतो.

मायक्रोसॉफ्टच्या डब्ल्यूसीएफमध्ये यावर तोड आहे. आपल्या कोडमध्ये दोन्हींना ‘शोधा’च म्हणावं, करारात मात्र निराळी नावं द्यावीत. ती दिली नाहीत तर सेवा सुरूच होत नाही, आणि हे मला आवडतं. घोळ पहिल्या दिवशीच उघडा पडतो. फक्त घाईत ‘शोधा1’ आणि ‘शोधा2’ अशी नावं देतात, ते खटकतं. नियमात ती बसतात, पण पाच वर्षांनी मसुदा उघडणाऱ्या नव्या मुलाला दुसऱ्या ‘शोधा’त काय द्यायचं ते कळत नाही. ‘क्रमांकाने शोधा’, ‘जहाजाने शोधा’ लिहायला चार अक्षरं जास्त लागतात, एवढंच.