आरंभ पश्चिमेच्या खिडकीपासून
(रेडिओवरील भाषण)



आयुष्यातील पहिले स्वतःचे घर बांधून त्यात राहावयास जाणाऱ्या कुटुंबापुढे गृहप्रवेशाच्या दुसऱ्याच दिवशी जे प्रश्न उभे राहतात, त्यांत खिडक्यांच्या पडद्यांचा प्रश्न दिसावयास लहान असला, तरी वऱ्हाडासारख्या प्रखर उन्हाच्या मुलखात राहणाऱ्या माणसाच्या स्वास्थ्याशी त्याचा जो निकटचा संबंध आहे तो ध्यानी घेता, त्याला लहान म्हणता येत नाही. प्लॉटचे खरेदीखत, नगरपरिषदेची परवानगी, बँकेचे कर्ज, गवंडी आणि सुतार यांचा हिशेब, एवढे सर्व उरकेपर्यंत गाठीची शिल्लक आटलेली असते, आणि मग दोनच गोष्टी घडतात. एक तर खिडक्यांना जुन्या चादरी टांगून ‘तूर्त चालू द्या’ असे म्हणत वर्षे लोटतात. नाही तर पाहुण्यांच्या दृष्टीला घर शोभावे म्हणून सगळ्या खिडक्यांना एकाच रंगाचे, एकाच भारी कापडाचे पडदे हप्तेबंदीने आणले जातात, आणि मे महिना उजाडला की त्या शोभिवंत पडद्यांच्या आड माणसे भाजून निघतात. मूर्तिजापूर आणि भोवतालच्या गावांत आज जे नवे लेआउट उठत आहेत, त्यांतील तरुण गृहस्थांना आणि गृहिणींना माझे आग्रहाचे सांगणे असे की, पडद्यांचा खर्च खिडक्यांच्या संख्येवर वाटू नये, दिशांवर वाटावा. आणि पहिला पैसा पश्चिमेच्या खिडकीवर, तोही काचेच्या बाहेरच्या अंगाला खर्च करावा.

याचे कारण आपल्या आकाशातच आहे. मूर्तिजापूर हे विषुववृत्तापासून सुमारे पावणेएकवीस अंश उत्तरेस असल्यामुळे २३-२४ मेच्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य बरोबर आपल्या माथ्यावर येतो, आणि त्यानंतर जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत तो दुपारीदेखील किंचित उत्तरेलाच कललेला असतो. म्हणजे ज्या दिवसांत ऊन असह्य होते त्या दिवसांत दक्षिणेच्या खिडकीतून ते जवळजवळ येतच नाही. साध्या दीड फुटी छज्ज्याने तिचे पुरेसे रक्षण होते. उलट थंडीत, डिसेंबरच्या अखेरीस, दुपारचा सूर्य दक्षिणेच्या आकाशात क्षितिजापासून जेमतेम शेहेचाळीस अंश वर चढतो, आणि त्याचे कोवळे ऊन त्याच खिडकीतून खोलीत पसरते. ते अडवण्यासाठी जाड पडदा घेणे म्हणजे पैसे देऊन सुख नाकारणे होय. पश्चिमेची गोष्ट सर्वस्वी निराळी आहे. तिसऱ्या प्रहरी सूर्य खाली उतरला की छज्जा निरुपयोगी ठरतो, किरणे आडवी होऊन थेट पलंगापर्यंत पोहोचतात, आणि ती वेळही अशी की, दिवसभर तापलेला स्लॅब तेव्हाच आपली उष्णता खाली सोडू लागलेला असतो. पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे सरकला की आपल्याकडे कोणी आश्चर्य करीत नाही. अशा दिवशी चार ते सहा हे दोन तास घरातील वृद्धांना, तान्ह्या मुलांना आणि स्वयंपाकघरात उभ्या असणाऱ्या बाईला किती जड जातात, हे श्रोत्यांना सांगण्याची आवश्यकता नाही. जूनमध्ये सूर्यास्त ठीक पश्चिमेला न होता तिच्या उत्तरेस सुमारे पंचवीस अंशांवर होतो, म्हणून वायव्येकडे तोंड असलेली खिडकीही याच कोटीत धरावी.

आता काचेच्या बाहेर का, हे पाहू. सूर्यप्रकाश काचेतून विनासायास आत येतो. परंतु आत येऊन तो पडद्यावर, भिंतीवर, लादीवर पडला आणि या वस्तू तापल्या की, त्यांच्यापासून निघणारी जी अदृश्य उष्णता, तिला मात्र काच बाहेर जाऊ देत नाही. तेव्हा आतला पडदा कितीही जाड असला तरी तो ऊन अडवतो आणि स्वतः तापून ती आच खोलीतच सोडतो. बाहेर टांगलेला पडदा तापला तर तापो, वाऱ्याने तो निवतो, आणि खोलीचा त्याच्याशी संबंध येत नाही. हा भौतिकशास्त्राचा सिद्धान्त आमच्या बुरुडांना पुस्तकाशिवाय ठाऊक आहे. बांबूच्या काड्यांचा चिकाचा पडदा बनवून घेण्यासाठी आलेल्या एका तरुण शिक्षिकेचे आणि वयोवृद्ध बुरुडाचे संभाषण मी ऐकले आहे. ती म्हणाली, “काका, हा पडदा आतून लावला तर नाही का चालणार? बाहेर धुळीनं खराब होईल.” त्यावर हातातली काडी न थांबवता तो म्हणाला, “ताई, ऊन एकडाव घरात घुसलं का मंग पडदा काय करीन? त्याले बाहीरच उभं ठेवा लागते.” आणि मग त्याने तिला काड्यांतील अंतर दाखवले: काडीस काडी अगदी चिकटवून विणली तर वारा बंद होतो, फार विरळ ठेवली तर ऊन गळते, मधले अंतर काडीच्या निम्म्या जाडीइतके ठेवून, चारी कडांना कापडाचा गोट शिवून, वर गुंडाळण्यासाठी सुती दोरी ओवून दिलेला पडदा दोन्ही कामे करतो. असा पडदा चौकटीपेक्षा दोन्ही बाजूंनी अर्धा अर्धा फूट रुंद असावा आणि भिंतीपासून चार बोटे दूर लटकावा, म्हणजे मागून हवा खेळती राहते.

ज्यांना तेवढाही खर्च झेपत नाही, त्यांच्यासाठी अचलपूर-परतवाड्याकडील संत्र्याच्या रोपवाटिकांत कलमांवर जी हिरवी शेडनेट ताणतात, तीच खिडकीबाहेर ताणावी. ती कृषी केंद्रात मीटरवर मिळते, तीत पन्नास टक्के आणि पंच्याहत्तर टक्के सावलीचे प्रकार असतात, आणि पश्चिमेसाठी पंच्याहत्तर टक्क्यांचा घेणे योग्य. दिसावयास ती सुंदर नाही, हे मान्य. पण पहिल्या उन्हाळ्यापुरती तजवीज म्हणून तिच्याहून किफायतशीर वस्तू मला ठाऊक नाही.

वाळ्याच्या पडद्यांविषयी मला थोडे विस्ताराने बोलावेसे वाटते, कारण ती आपल्या कोरड्या हवेची खरी देणगी आहे. इंग्रजी अमदानीत साहेबांचे बंगले आणि सरकारी कचेऱ्या यांच्या दारांना उन्हाळा लागताच वाळ्याचे पडदे चढत आणि त्यांवर पाणी शिंपडण्यासाठी वेगळा माणूस नेमला जाई. हवा जितकी कोरडी तितके पाणी झपाट्याने उडते, आणि उडताना ते हवेतील उष्णता शोषून घेते. म्हणून मुंबई-कोकणाच्या दमट हवेत निष्फळ ठरणारी ही युक्ती वऱ्हाडात एप्रिल-मे महिन्यांत इतकी फलदायी होते. आजचा कूलर हे त्याच तत्त्वाचे यंत्ररूप आहे. परंतु मूर्तिजापूरच्या माणसाने येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. पूर्णेच्या खोऱ्यातील जो खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांतून पसरलेला आहे, त्यात आपल्या तालुक्याचाही समावेश होतो, आणि बोअरचे खारे पाणी वाळ्यावर शिंपडले तर पाणी उडून क्षार मागे राहतो, मुळ्यांवर पांढरी पुटे चढतात, सुगंध मरतो आणि वारा जाण्याच्या वाटा बुजतात. तेव्हा वाळा भिजवण्यासाठी नळाचे गोडे पाणी थोडे थोडे वापरावे, आणि जिथे गोड्या पाण्याचा एकेक हंडा मोलाचा आहे तिथे वाळ्याचा मोह सोडून कोरड्या चिकाच्या पडद्यावरच भागवावे. पिण्याच्या पाण्यापेक्षा खोलीचा गारवा मोठा नव्हे. हेच खारे पाणी लागले तर खिडकीची लोखंडी सळई लवकर गंजते आणि तिचे तांबूस डाग कापडावर उतरतात. ॲल्युमिनियमची नळी किंवा तेल पाजलेला सरळ वेळू हा त्यावर उत्तम उपाय होय. स्प्रिंगची तार स्वस्त मिळते, परंतु ती मध्ये झोळते आणि पडदा नीट सरकत नाही, म्हणून ती घेऊ नये.

खिडकीकडून आपण एकाच वेळी उजेड, वारा आणि आडोसा मागतो, आणि एकच वस्तू या तिन्ही मागण्या पुरवू शकत नाही, हे जुन्या रेल्वेच्या डब्यांनी आपल्याला कधीच शिकवले होते. जी. आय. पी. रेल्वेचा मार्ग १८६७ साली नागपूरपर्यंत पोहोचला, आणि पुढे यवतमाळ व अचलपूर या दोन्ही दिशांना अडीच फुटी रुळांची ‘शकुंतला’ ज्या स्थानकातून सुटू लागली ते मूर्तिजापूर जंक्शन झाले. तेव्हा डब्याच्या खिडकीशी आपल्या गावाचा परिचय जुना आहे. त्या डब्यांच्या खिडकीला एक काचेची झडप असे आणि दुसरी तिरप्या लाकडी पट्ट्यांची. पावसात पहिली ओढावी, उन्हात दुसरी, आणि संध्याकाळी दोन्ही खाली ढकलून मोकळी हवा घ्यावी. घरातही तसेच दोन थर असावेत: उन्हाच्या दिवसांत बाहेर काड्यांचा, आणि आत बारमाही सुती कापडाचा.

आतल्या कापडाचा हिशेब दुकानात जाण्यापूर्वी घरी करावा, कारण दुकानात गेल्यावर डोळे हिशेब करतात. चार फूट रुंद आणि चार फूट उंच अशी सामान्य खिडकी घेऊ. नळी दोन्ही बाजूंना अर्धा फूट पुढे न्यावी, म्हणजे ती पाच फुटांची झाली. चुण्या बऱ्या पडण्यासाठी कापड तिच्या दीडपट, म्हणजे साडेसात फूट रुंद हवे, आणि अठ्ठेचाळीस इंच पन्ह्याचे दोन पट त्यासाठी पुरतात. पडदा चौकटीच्या चार इंच वर आणि चार इंच खाली ठेवला तर त्याची उंची छप्पन्न इंच होते. वरची खोळ आणि खालची दुमड यांसाठी आठ इंच धरले की एक पट चौसष्ट इंचांचा, दोन मिळून सव्वातीन मीटर. कोरे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते, म्हणून साडेतीन मीटर घ्यावे, शिंप्याकडे देण्यापूर्वी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवावे, आणि मगच कात्री लावू द्यावी. काळ्या कपाशीच्या जमिनीवरील घरांना आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते: ही जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यामुळे चौकटी किंचित तिरप्या होतात, एका खिडकीचे माप घेऊन तेच सगळीकडे लावू नये. मांजरपाट किंवा खादी, तीही दुधी अगर मातकट रंगाची, मला सर्वांत पसंत आहे. गडद रंग पश्चिमेच्या उन्हात दोन उन्हाळ्यांत विटतो, आणि शुभ्र पांढरा आपल्या पाण्यात शुभ्र राहत नाही. मखमली व जाड कृत्रिम धाग्यांचे पडदे तर येथे घेऊच नयेत. जिनिंग सुरू असताना हवेत तरंगणारे कापसाचे तंतू आणि उन्हाळ्याची काळी धूळ त्यांत बसते, आणि दम्याच्या रोग्याला ती बाधते. ज्या कापसावर या तालुक्याचे जीवन उभे आहे, त्याचेच कापड आपल्या खिडकीवर असावे यात मला औचित्य वाटते, आणि सुदैवाने तेच सर्वांत सहज धुतले जाते.

घरात चांगल्या स्थितीतली जुनी सुती साडी असेल तर विकतचे कापडही नको. साडेपाच मीटरच्या साडीतून वरच्या मापाचे तीन पट निघतात: दोन बैठकीच्या खिडकीला, तिसरा दुमडून स्वयंपाकघराच्या छोट्या खिडकीला. यात कमीपणा मानण्याचे काहीच कारण नाही. ज्या गाडगेबाबांचे बालपण आपल्याच तालुक्यातील दापुरे येथे मामाच्या घरी गेले, त्यांनी चिंध्यांचे वस्त्र अंगावर वागवून पंढरपूर-नाशिकसारख्या ठिकाणी इतरांसाठी धर्मशाळा उभारल्या, आणि ऋण काढून थाटमाट करू नका हे जन्मभर कीर्तनातून लोकांना विनवले. घराचे कर्ज अपरिहार्य असेल. पडद्यांचे कर्ज कोणत्याही हिशेबाने अपरिहार्य नाही.

रस्त्याकडील खिडकीचा विचार मात्र रात्री करावा. दिवसा जो विरळ पडदा पुरेसा आडोसा देतो, तोच आत दिवा लागल्यावर पारदर्शक होतो. म्हणून एकाने आत दिवा लावून उभे राहावे, दुसऱ्याने रस्त्यावरून पाहावे, आणि मगच अस्तराची गरज ठरवावी. बहुधा खालच्या अर्ध्या भागालाच अस्तर लागते. वरचा अर्धा मोकळा सोडला तर वारा चालू राहतो आणि निम्मे कापडही वाचते.

रोहिण्या सरून मृगाचे ढग दिसू लागले की चिकाचा पडदा उतरवावा, झाडून दोन दिवस उन्हात वाळवावा आणि कडुनिंबाचा पाला घालून माळ्यावर ठेवावा. ओला गुंडाळला तर बांबूला भुंगा लागतो. उत्तरेच्या आणि पूर्वेच्या खिडक्या तोपर्यंत उघड्या राहिल्या असतील तर राहू द्याव्यात. दिवाळीच्या पुढे-मागे कापसाचा पैसा हाती येतो किंवा नोकरदाराला बोनस मिळतो, तेव्हा पूर्वेच्या खिडकीसाठी कापड घ्यावे, आणि उत्तरेचे काम पुढल्या वर्षावर टाकावे.