इंजिनला पाणी पाजायचं का?



मागच्या बैठकीत एका ताईंनी मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. मोटारसायकल चालू आहे आणि एक जण कार्बोरेटरच्या तोंडातून इंजिनला पाणी पाजतोय. सायलेन्सरमधून आधी पांढरी वाफ निघते, मग काळं पाणी. "फुकटात इंजिन साफ," असं तो सांगतो. गटाच्या गाडीलाही करून बघू, असं दोघीतिघी म्हणाल्या. गाडी कर्जाची आहे, हप्ते चालू आहेत, आणि आठवडी बाजारात माल त्याच गाडीवर जातो. म्हणून आज याबद्दल बोलते.

व्हिडिओतला माणूस खोटं बोलत नाही. पेट्रोल नीट जळलं नाही की चुलीवरच्या पातेल्याच्या बुडाला धरते तशी काजळी पिस्टनच्या डोक्यावर आणि व्हॉल्व्हवर धरते. यालाच मेकॅनिक कार्बन म्हणतात. तो तापून राहतो, आतली जागा कमी करतो, आणि मग चढावर गाडी टकटक वाजते. करपलेल्या तापल्या कढईत पाणी शिंपडलं की चर्र होऊन करप सुटते ना, तसंच इथंही होतं. पाण्याची वाफ होताना ती सोळाशे पटींहून जास्त फुगते आणि काजळी सुटते. जुन्या मिस्त्रींना ही युक्ती ठाऊक होती.

पण किती पाणी, हा खरा प्रश्न आहे. आपल्या १०० सीसीच्या गाडीत पिस्टन पूर्ण वर आला की डोक्यावर साधारण ११ मिलीलिटर जागा उरते. म्हणजे चहाचे जेमतेम दोन चमचे! हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. त्या जागेत मावणार नाही एवढं पाणी एकदम गेलं, तर पिस्टन वर येताना अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मग पूर्ण इंजिन खोलावं लागतं. जाणकार मिस्त्री बारीक फवारा मारतो, इंजिन गरम ठेवतो, रेस सोडत नाही. आपण तांब्याने ओतणार, तिथेच घात आहे.

नव्या गाड्यांना तर हे करूच नये. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या, त्यातल्या बहुतेकांना कार्बोरेटरच नाही. त्यांच्यात सेन्सर असतात, आणि धूर साफ करणारी जाळी धुराच्या वाटेत बसवलेली असते. कंदिलाच्या तापल्या काचेवर पाणी पडलं की काय होतं, ते आपल्याला माहीत आहे.

माझं मत विचाराल तर आधी काजळी का धरते ते बघा. प्लग काढून बघा. फिकट तपकिरी असेल तर इंजिन ठीक आहे. कोरडा काळा असेल तर पेट्रोल जास्त जातंय: चोक ओढलेला राहिलाय का, एअर फिल्टर धुळीनं भरलाय का? आपल्या रस्त्यांवर फिल्टर फार लवकर भरतो. प्लग तेलकट असेल आणि निळा धूर येत असेल तर इंजिन ऑइल जळतंय, ते पाण्यानं थांबणार नाही. जुन्या टू-स्ट्रोक मोपेडला लिटरमागे २० मिलीलिटर ऑइल पुरतं. "जास्त घातलं की गाडी टिकते" म्हणत बाटली उपडी करणारे आपल्या घरीही आहेत! कार्बन खरंच फार झाला असेल तर मेकॅनिककडून हेड खोलून खरवडून घ्या, आणि हेड गॅस्केट नवीन टाकायला सांगा.

पावसाळ्यात ओढा ओलांडताना गाडी पाण्यात बंद पडते, तेव्हाही हाच धोका असतो. लगेच किक मारू नका, सेल्फही लावू नका. गाडी ढकलत बाहेर काढा, प्लग काढा आणि हळू किक फिरवून आत गेलेलं पाणी बाहेर येऊ द्या. फिल्टर वाळवा. मग ऑइल बघा. दूध घातलेल्या चहासारखं दिसलं तर त्यात पाणी मिसळलंय. ते बदलल्याशिवाय गाडी सुरू करू नका.