जुनाट वेदना आणि आरोग्यविषयक माहितीची वाचनसुलभता
(व्याख्यानाचा संपादित अंश)



तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या किंवा पुन्हा पुन्हा उद्भवणाऱ्या वेदनेस वैद्यकशास्त्रात जुनाट वेदना म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत तिचे स्वतंत्र व सविस्तर वर्गीकरण करण्यात आले. ही आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. कंबरदुखी किंवा संधिवाताच्या रुग्णाला डॉक्टरांसमोर काही मिनिटेच मिळतात. एरवी दुखणे सांभाळायचे ते त्याचे त्यालाच. साहजिकच तो इंटरनेटकडे वळतो. आयुष्मान भारत डिजिटल अभियान २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशपातळीवर सुरू झाल्यानंतर तपासणीचे अहवालही रुग्णाच्या मोबाईलवर येऊ लागले आहेत. ते त्याला समजतात काय?

वाचनसुलभता मोजण्याचे सर्वपरिचित सूत्र रुडॉल्फ फ्लेश यांनी १९४८ मध्ये इंग्रजीसाठी मांडले. वाक्यात शब्द किती आणि शब्दात उच्चारघटक किती, एवढेच ते पाहते. १९७५ मध्ये अमेरिकी नौदलासाठी त्याचे शालेय इयत्तांत रूपांतर झाले. रुग्णांसाठीचा मजकूर सहावीच्या पातळीपर्यंतच असावा, ही अमेरिकन मेडिकल असोसिएशनची शिफारस याच मोजमापांच्या आधारे पडताळली जाते आणि इंग्रजी संकेतस्थळे बहुधा तिच्यात अनुत्तीर्ण ठरतात.

भारतीय भाषांना हे सूत्र जसेच्या तसे लावणे मात्र निरर्थक आहे. इंग्रजीत जेथे दोन-तीन शब्द लागतात तेथे मराठीत ‘डॉक्टरांशिवाय’ हा एकच शब्द पुरतो, आणि तो कोणालाही अडत नाही. तमिळ व मल्याळममध्ये तर शब्द याहूनही लांबतात. उलट ‘झीज’ हा शब्द पाहावा. दोनच अक्षरे, कोणत्याही सूत्रात तो सोपाच ठरेल. पण ‘मणक्यांची झीज’ एवढे वाचून कित्येक रुग्ण वाकणे, चालणे, घरकाम सोडून देतात. वस्तुतः २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात कंबरदुखी मुळीच नसलेल्या विशीतील ३७ टक्के, तर ऐंशीच्या वयातील ९६ टक्के व्यक्तींच्या मणक्यांमधील चकत्यांत अशी झीज आढळली होती. झीज दिसली म्हणजे वेदनेचे कारण सापडलेच, असे नाही. हे वाक्य शेजारी छापले नाही, तर सोपा शब्दच अपाय करतो. कारण बहुतेक जुनाट कंबरदुखीत हालचाल चालू ठेवणे हा उपचाराचाच भाग असतो.

भाषांतरही कधी कधी फसवते. अल्पकालीन वेदनेला ‘तीव्र वेदना’ म्हणण्याचा प्रघात आहे. वैद्यकात तो काळाचा निर्देश. वाचक मात्र त्यातून वेदनेची मात्रा समजतो. परिभाषाकारांनी या शब्दाचा फेरविचार करण्यास हरकत नसावी. औषधांच्या बाबतीत तर गफलत जिवावर बेतू शकते. पॅरासिटामॉलची प्रौढांसाठी दिवसाची कमाल मात्रा सर्वसाधारणपणे ४ ग्रॅम मानतात; मात्र हेच द्रव्य सर्दी-तापाच्या अनेक गोळ्यांतही वेगवेगळ्या नावांनी असते. ‘अतिमात्रेने यकृतविषाक्तता संभवते’ या वाक्यापेक्षा ‘या गोळ्या एकत्र घेऊ नका, लिव्हरला इजा होते’ हे वाक्य भाषाशुद्धीच्या आग्रही मंडळींना खटकेल. पण रुग्णाचे रक्षण तेच करील.

२०११ च्या जनगणनेत सात वर्षे व त्यावरील जी व्यक्ती कोणत्याही भाषेत समजून लिहू-वाचू शकते, ती साक्षर मानली गेली. अंतिम आकडेवारीनुसार असे साक्षर सुमारे ७३ टक्के होते. व्याख्येतील ‘समजून’ हा शब्द आरोग्यविषयक मजकुरालाही लावता येतो, आणि त्यासाठी सूत्राची गरज नाही. मजकूर प्रसिद्ध करण्यापूर्वी तो वेगवेगळ्या वयांच्या व शिक्षणाच्या काही रुग्णांना वाचावयास द्यावा. ‘समजले का?’ असे विचारू नये. त्यावर मान डोलावली जातेच. ‘आज रात्री दुखू लागले तर यातील कोणती गोळी घ्याल, किती घ्याल, आणि उद्या सकाळी चालायला जाल की नाही?’ असे विचारावे आणि उत्तर चुकले तर दुरुस्ती मजकुरात करावी.