सिंहराजाच्या अरण्यातील आवाज

रात्री घुबडाचा घूत्कार कानी आला, की आपल्याकडील वडीलधारी माणसे अशुभाच्या शंकेने देवाचे नाव घेत. परंतु श्रोतेहो, असाच एक आवाज कोणी कान देऊन ऐकला, म्हणून एका अज्ञात पक्ष्याचा जगाला परिचय झाला. त्याचीच हकीकत आज सांगावयाची आहे.

श्रीलंकेच्या नैऋत्येस, सखल भागात, सदाहरित वर्षावने आहेत. तेथे कितुलगला येथील रानात १९९५ साली दीपल वाराकागोडा या पक्षिनिरीक्षकास एक मंद, आखूड शीळ ऐकू आली. एकदा उमटावी आणि मग बराच वेळ शांतता असावी, अशी ती शीळ. परिचित पक्ष्यांपैकी कोणाशीही ती जुळेना. पुढे जवळजवळ सहा वर्षे तो पक्षी केवळ आवाजरूपानेच राहिला. अखेर जानेवारी २००१ मध्ये, याच पट्ट्यातील सिंहराजाच्या अरण्यात, तो दृष्टीस पडला. वीतभरही लांबी नसलेले, तांबूस रंगाचे, अंगावर बारीक काळे ठिपके असलेले ते घुबड होते. त्याच्या जातभाईंच्या डोक्यावर पिसांची शिंगे असतात. याला तीही नव्हती.

२००४ साली वाराकागोडा व पामेला रासमुसेन यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. याच रासमुसेनबाईंनी १९९७ साली आपल्या सहकाऱ्यांसह, शहाद्याजवळच्या रानात, शतकाहून अधिक काळ हरवलेला आपला रानपिंगळा पुन्हा शोधून काढला होता.

या नव्या घुबडास 'ओटस थिलोहॉफमनी' असे नाव मिळाले. थिलो हॉफमन हे स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले आणि श्रीलंकेत स्थायिक झालेले गृहस्थ. प्लायवुडच्या कारखान्यासाठी सिंहराजाचे अरण्य तोडण्याचे ठरले, तेव्हा त्याविरुद्धच्या चळवळीत ते अग्रभागी होते. तोड सुरू झालीही. पण १९७७ मध्ये ती थांबली. १९८८ साली ते अरण्य जागतिक वारसास्थळ ठरले.

यातील मर्माची गोष्ट अशी, की हॉफमन लढले तेव्हा या घुबडाचे अस्तित्व कोणालाच ठाऊक नव्हते. रान तोडावयास निघालेला माणूस लाकडाचा हिशेब करू शकतो. पण त्या रानात काय काय आहे, याची यादी त्याच्यापाशी कधीच पुरी नसते. आज हा पक्षी संकटग्रस्त गणला जातो आणि त्याचे अधिवास फार थोडे उरले आहेत. ज्याचे नावही आपण जाणत नाही, त्याच्यासाठी रान राखणे, हेच खरे रक्षण होय.